खाडीपलीकडे, बारा हजारांत

(या वेळी पेटीत सगळी पत्रं फिरायला जायचीच निघाली. सुट्ट्या जवळ आल्या की असंच होतं. चार निवडलीत.)

प्रश्न : मी २३ वर्षांचा, कळव्याला राहतो, नोकरी महापेला. मित्र ऐरोलीचा. त्याच्याकडे १२५ सीसीची बाइक आहे, सहा वर्षं जुनी पण मेंटेन केलेली. डिसेंबरमध्ये आम्हा दोघांची चार दिवसांची सुट्टी एकत्र येतेय, हे दोन वर्षांत पहिल्यांदाच. दोघांचे मिळून बारा हजार आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही. मित्राचा प्लॅन आहे ठाणे ते गोवा, हायवे न घेता किनाऱ्या-किनाऱ्याने, आणि परत. तो म्हणतो आरामात होतं, त्याने व्हिडिओ बघितलेत. मला वाटतं नाही होणार. आम्हाला पार्टी वगैरे काही करायची नाहीये, फक्त गर्दी नसलेला समुद्र पाहिजे. कोण बरोबर?

उत्तर : तू बरोबर. वय सांगितलंस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

हिशेब बघ. गोवा हायवेनेच साडेपाचशेच्या पुढे. किनाऱ्याने जायचं म्हटलं की त्यात अजून शे-दीडशे वाढतात, कारण प्रत्येक खाडीला एकतर वळसा नाहीतर फेरीबोट. जाऊन-येऊन तेराशेच्या घरात गेलं. आणि किनाऱ्याच्या त्या रस्त्यावर, चढ-उतार, वळणं, मधेच म्हशी, मधेच कुणाच्या तरी लग्नाची वरात, तासाला पंचवीस-तीस किलोमीटर पडले तर खूप झाले. म्हणजे चारही दिवस तुम्ही सीटवर. समुद्र दिसेल, पण हेल्मेटच्या काचेतून. ज्याने व्हिडिओ केला त्याला परत सोमवारी महापेला पंच करायचं नव्हतं.

आणि गर्दी नको असेल तर गोव्याला जायचंच कशाला? तुमच्या घरापासून दोनशे किलोमीटरवर सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे बाणकोटची खाडी आहे. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी. ही खाडी ओलांडा आणि वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै एवढंच करा, बास. दिवसाला पन्नास किलोमीटरच्या वर गाडी चालवायची नाही, पहिला आणि शेवटचा दिवस सोडून.

जायचं असं. पहाटे साडेचारला निघा, पाचनंतर नाही. ठाणे-बेलापूर रोडने बेलापूर, पनवेल, पळस्पे फाटा, मग पेण, वडखळ. वडखळला अलिबागवाले उजवीकडे जातात, तुम्ही सरळ. उजाडायच्या आत वडखळ मागे पडलं पाहिजे, नाहीतर ट्रेलरच्या मागे धूळ खात बसाल. नागोठणे, कोलाड, माणगाव. माणगावला पोटभर खाऊन घ्या आणि उजवीकडे मोर्ब्याचा रस्ता धरा, तो साईवरून म्हसळ्याला आणि पुढे श्रीवर्धनला जातो. इथे हायवेचा आवाज संपतो. श्रीवर्धनला पेट्रोल फुल करा आणि एटीएममधून कॅश काढा, दोन्ही, कारण पुढे नेटवर्क कधी असतं कधी नसतं आणि जिथे रेंज नाही तिथे जीपे म्हणजे नुसता मोबाइल. (श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव, आणि इथली रोठा सुपारी नाव असलेली. घरी कुणी सुपारी खात असेल तर पाव किलो घेऊन जा, सुनेपेक्षा जास्त कौतुक होईल.)

तिथून हरिहरेश्वर, आणि हरिहरेश्वरच्या थोडं पुढे बागमांडला. इथून वेश्वीला जाणारी फेरीबोट मिळते. दहा-पंधरा मिनिटांचंच अंतर आहे पण मला विचारशील तर अख्ख्या ट्रिपमधला हाच भाग सगळ्यात भारी. बोट धक्क्याला नाक लावते, लोखंडी फळी साखळ्यांवरून कर्रर्र करत खाली येते, आधी पलीकडून आलेली एसटीएवढी गाडी बाहेर पडते, मग टेम्पो, मग कोंबड्यांची पाटी घेतलेली आजी, आणि मग एक पोरगा शिट्टी मारून तुम्हाला हात करतो, ये ये ये ये बास. बाइक अगदी कठड्याला टेकवायला लावतो. तिथे गाडी गिअरमध्ये टाकून साइड स्टॅण्डवर लावायची आणि एकाने हँडल धरून उभं राहायचं, मध्यावर समुद्राची लाट लागते तेव्हा बोट कुशीवर होते. पायाखालचा पत्रा तापलेला, डिझेलचा वास, आणि समोर टेकाडावर बाणकोटचा किल्ला. दोघं आणि बाइक मिळून शंभर-सव्वाशे धरा. शेवटची फेरी किती वाजता ते धक्क्यावर विचारूनच हरिहरेश्वरला रेंगाळा.

पहिली रात्र वेळासला. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. डिसेंबरमध्ये कासवांची पिल्लं बघायला मिळायची नाहीत, त्याचं खाली एका ताईंना लिहिलंय, पण म्हणूनच गावात गर्दीही नसते. दुसरी रात्र केळशी. वेळास-केळशी नकाशावर चिकटून दिसतं, प्रत्यक्षात वळणावळणाने सकाळ जाते. केळशीत गाडी लावून चालायचं. चिऱ्याचे गडगे, दोन्ही बाजूला नारळ-सुपारीच्या वाड्या, वाडीला बांबूचं बेडं म्हणजे फाटक, आणि पायवाट एवढी अरुंद की समोरून सायकल आली तरी एकाने थांबायचं. खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे काम करून जुन्या त्सुनामीच्या खुणा असल्याचं मांडलं होतं. तिच्यावर चढू नका, अभ्यासाची जागा आहे ती, खालून बघा. तिसरी रात्र आंजर्ल्याला, कड्यावरच्या गणपतीवरून खालचा किनारा बघा, आणि चार-साडेचारला पूल ओलांडून हर्णैच्या बंदरावर हजर राहा. होड्या येतात, मासळी किनाऱ्यावर उतरते आणि लिलाव सुरू होतो, तो मोठ्या व्यापाऱ्यांचा, त्यात आपण नाक खुपसायचं नाही. बाजूला बायका वाटे लावून बसतात त्यांच्याकडून घ्यायचं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. चौथ्या दिवशी दापोलीवरून खेडला उतरा, कशेडीच्या बोगद्यातून बाहेर पडलात की थेट हायवे.

आता पैसे. येऊन-जाऊन साडेपाचशे किलोमीटर, पन्नासचं अ‍ॅव्हरेज धरलं तर अकरा लिटर, म्हणजे बाराशेच्या आत. राहायचं, होमस्टेत साधी नॉन-एसी खोली मधल्या वारी दोघांना पंधराशेच्या आसपास, तीन रात्री साडेचार हजार. जेवण-चहा-नाश्ता माणशी दिवसाला साडेचारशे, म्हणजे छत्तीसशे. फेरी दीडशे धर. पंक्चर, औषध, नारळपाणी याला हजार. पंचवीस ते एकतीस डिसेंबर टाळा, त्या आठवड्यात हीच खोली दुप्पट आणि तीही मालकाच्या मेहुण्याला दिलेली असते. एक लक्षात ठेव, केळशी-आंजर्ल्यातली बरीच घरं शाकाहारी आहेत, तिथे सुरमई विचारून यजमानीणबाईंना अडचणीत टाकू नका. त्यांच्याकडे कुळथाचं पिठलं, घावणे, सकाळी सांगून ठेवलंत तर रात्री उकडीचे मोदक. मासे हर्णैला खा.

एक खर्च अजून लिहिला नाही, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. बाइक त्याची आहे. पेट्रोल अर्धं-अर्धं हे सगळेच करतात, पण टायर झिजतो त्याचं काय, ऑइलचं काय, चेनचं काय? कॉन्ट्रीतून किलोमीटरला एक रुपया गाडीमालकाला द्यायचा, साडेपाचशे रुपये, निघायच्या आधी, त्याच्या हातात. तो नको म्हणेल, तरी द्यायचे.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. १९९७ ला मी आणि माझा कॉलेजचा मित्र त्याच्या चेतकवर इथेच गेलो होतो. येताना मंडणगडच्या चढात क्लच वायर तुटली. स्कूटर ढकलत गावात नेली, मेकॅनिक जेवायला गेलेला, दोन तास त्याच्या ओट्यावर. वायर आणि मजुरी मिळून झाले सत्तर रुपये. मी म्हटलं स्कूटर तुझी, वायर तुझी. तो म्हणाला डबल सीट आणि तुझी ती बॅग होती म्हणून तुटली. मेकॅनिक दोघांकडे बघतोय, हात काळे, पैसे कुणी देईना. शेवटी त्याने दिले आणि मंडणगड ते कोलाड मी मागे बसून एक शब्द बोललो नाही, तोही बोलला नाही, एकाच सीटवर, त्याच्या खांद्याला धरून. पुढे वर्षभर बोलणं नव्हतं. सत्तर रुपयांवरून रे.

तेव्हा, सगळे बारा हजार एकाच पाऊचमध्ये, पाऊच एकाकडे, चहासुद्धा त्यातून. ‘हे मी देतो, ते तू दे’ हा प्रकारच नको. सगळं धरून अकरा हजार होतात, हजार उरतात. त्याची हर्णैला मासळी घ्या आणि करून वाढणाऱ्या एखाद्या घरी द्या, करणावळ वेगळी. आणि गोव्याचं मित्राला असं सांग की गोवा पुढच्या वर्षी, नवीन टायरवर.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, नेरूळच्या, वय ४८ आणि ५२. दोघींनाही गाडी चालवता येत नाही, आणि घरचे कुणी सोबत नको आहेत (हे छापलंत तरी चालेल). वेळासची कासवं बघायची फार इच्छा आहे. दोघीच गेलो तर चालेल का, आणि स्वस्तात कसं जमेल? मैत्रिणीचा गुडघा दुखतो.

उत्तर : छापलं, ताई.

दोघींनी बिनधास्त जा. वेळासला लोक घरातच राहायला देतात, हॉटेलं नाहीतच जवळपास, म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत असणार आणि यजमानीण तुम्हाला रात्री नऊला ‘झोपा आता, पहाटे उठायचंय’ म्हणणार. फक्त खोलीला संडास आत आहे का आणि तो कमोडचा आहे का, हे फोनवर स्पष्ट विचारा. गुडघ्यासाठी सांगतोय. लाजू नका, नंतर दोन दिवस त्रास होतो.

जायला एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याच्या खर्चाच्या बाबतीत तुम्ही वरच्या बाइकवाल्या पोरांच्या फार मागे नाही. पनवेलहून दापोली-मंडणगडकडे जाणारी गाडी धरा, मंडणगडला उतरा. मंडणगड ते वेळास गाड्या मोजक्याच आहेत, चुकली तर रिक्षा करा, होमस्टेवाल्यांना आधी सांगितलं तर ते ओळखीचा रिक्षावाला पाठवतात आणि तो स्टॅण्डवरच्यापेक्षा वाजवी घेतो. पॅसेजकडची सीट मैत्रिणीला द्या, पण उजव्या-डाव्याचा विचार करून, दुखरा पाय पॅसेजकडे आला पाहिजे म्हणजे सरळ करता येतो.

कधी जायचं? ऑलिव्ह रिडले मादी थंडीत किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करून अंडी घालते, एका घरट्यात शंभरच्या वर सुद्धा असतात, आणि निघून जाते, परत बघायलाही येत नाही. गावातले कासवमित्र ती अंडी जाळीच्या कुंपणात आणून पुरतात, कोल्हे-कुत्र्यांपासून वाचवायला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे हे काम सुरू केलं, त्याआधी अंडी खाल्लीही जायची आणि विकलीही जायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. म्हणून तुमचा मोसम फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलून बघतात, पिल्लं असली तर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात आणि ती आपली आपण चालत जातात. तळहाताएवढीसुद्धा नसतात. वाळूतल्या पावलाच्या खड्ड्यात पडतात, धडपडत वर येतात, परत पुढच्या खड्ड्यात. आजूबाजूला शंभर माणसं आणि सगळी गप्प, हे आपल्याकडे दुसरीकडे कुठे बघितलंय का सांगा.

पण पिल्लं निघतीलच असं नाही. एका फेरीला चाळीस निघतात, एका फेरीला शून्य. म्हणून निदान दोन रात्री राहा, म्हणजे तीन-चार फेऱ्या मिळतात. आणि शनिवार-रविवार सोडून. दोन्ही टोकांचा रिक्षाखर्च, दोन रात्री, जेवणं धरून माणशी चार हजारांच्या आत बसायला हरकत नाही. गावातून किनाऱ्यापर्यंत चालावं लागतं आणि वाळूत गुडघ्याला त्रास होतोच, तेव्हा काठी घेऊन जा, आणि पहाटे दहा मिनिटं आधी निघा.

प्रश्न : घणसोलीहून मित्र आणि मी, सीएनजी गाडी, दिवेआगर-हरिहरेश्वर दोन दिवस. (१) अटल सेतूने गेलो तर वेळ वाचेल का? (२) बीचवर गाडी नेता येते का, फोटो काढायचेत.

उत्तर : घणसोलीचा माणूस अटल सेतूवर जायला आधी शिवडीला जाणार, मग टोल देऊन परत न्हावाशेव्याला येणार, म्हणजे आपल्याच घरासमोर. का? तुम्ही आधीच खाडीच्या बरोबर बाजूला आहात. पनवेलवरून सरळ जा. सीएनजी पनवेल भागात फुल करा आणि पेट्रोलची टाकीही भरून ठेवा, पुढच्या पंपावर सीएनजी असेल आणि प्रेशरही असेल आणि रांगही नसेल अशी तिहेरी आशा धरू नका. घाटात गाडी सीएनजीवर ओढत नाही असं वाटलं तर पेट्रोलवर टाका, वीस रुपये वाचवायला क्लच जाळू नका.

बीचवर गाडी न्यायची नाही. मनाई असते ते तर आहेच, पण मी तुम्हाला माझंच सांगतो, कारण मनाईच्या पाट्या मीही वाचल्या होत्या. साधारण दहा वर्षांपूर्वी, किनाऱ्याचं नाव नाही सांगत, दुपारी चारला मेहुण्याची गाडी ओल्या वाळूवर घेतली. ओली वाळू टणक असते म्हणे. असतेही, गाडी चालू असेपर्यंत. फोटोसाठी थांबलो, पाच मिनिटं, निघताना पुढची चाकं जागच्या जागी फिरली. जितकं अ‍ॅक्सिलरेटर तितकी गाडी खाली. चाकाखाली फूटमॅट घातले, ते मागून उडून गेले. आणि पाणी येत होतं. एक म्हातारे गृहस्थ वाडीतून सावकाश चालत आले, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि विचारलं, ‘आज तिथी कंची?’ मला वाटलं चेष्टा करतायत. अष्टमी होती. ते म्हणाले, ‘मग सहाला भरेल. भांगाचं हाय, फार वर नाय येयाचं. ट्रॅक्टर बोलवा.’

तो हिशेब तेव्हा शिकलो, तुम्हीही शिकून ठेवा, कॅलेंडर तर घरात असतंच. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, भरती तीनला, दुपारी आणि पहाटे दोन्हीकडे साधारण तीनच. त्याच्या सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी परत एकपासून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं, अष्टमीच्या आसपास भांग, दोन्ही कमी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फिरायला एवढं पुरतं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर तर हे करूनच जा. पायऱ्या उतरून खाली कातळावरून जी वाट आहे ती भरतीला पाण्याखाली जाते, आणि तिथे लाटेने माणसं ओढून नेलीत. ओहोटीला जायचं, आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर नको.

ट्रॅक्टरवाल्याने पंधराशे घेतले. मेहुण्याला गाडी धुवून दिली, पण खालच्या पत्र्यात मीठ राहिलं ते राहिलंच, पुढच्या पावसाळ्यात सायलेन्सर गळून पडला. मेहुणा अजून गाडीची किल्ली देताना माझ्याकडे बघून घेतो.

प्रश्न : गर्दी नको आणि स्वस्त पाहिजे, तर मग पावसाळ्यातच कोकणात समुद्रावर गेलो तर? आम्ही दोघं मित्र, कोपरी, ठाणे पूर्व.

उत्तर : खोल्या स्वस्त मिळतील, खरंय. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताटात जे येईल ते बर्फातलं, खाडीचं किंवा सुकं. पाण्यात उतरायचं नाही. हवा बिघडली की फेरीबोट बंद, मग खाडीला पूर्ण वळसा. बाइकवर असाल तर आतून ओले, बाहेरून ओले, आणि होमस्टेत वीज नाही म्हणून कपडे वाळत नाहीत. तरी जायचंच असेल तर नारळी पौर्णिमेनंतर जा, होड्या पाण्यात उतरलेल्या असतात. फक्त गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबई-गोवा हायवे धरू नका. किंवा दिव्याहून पहाटे सुटणाऱ्या सावंतवाडी पॅसेंजरने खेडला उतरा आणि दापोलीला एसटी. कोपरीहून दिवा म्हणजे लोकलचा अर्धा तासही नाही, आणि डबल सीट भिजण्यापेक्षा खिडकीत बसून भिजलेलं बरं.